अठ्ठेचाळीस थेंब: हिरव्या पूलनंतर घेतलेल्या टेस्ट किटचा अनुभव

सगळ्यात आधी हिरवे झाले ते सासूबाईंचे केस. गुडघ्यांसाठी म्हणून आई रोज सकाळी पूलमध्ये अर्धा तास चालतात, मनात आलं तर दोन-चार हात मारतात. केस पांढरेशुभ्र. एकदा उन्हात केस वाळवत बसल्या होत्या तर धाकटा म्हणाला, "आजी, तुझे केस पोपटी दिसतायत." आम्ही सगळे हसलो. आईंनी शाम्पू बदलला. मी अगदी ठामपणे सांगून टाकलं, "क्लोरीननं होतं तसं."

क्लोरीननं तसं होत नाही. पांढऱ्या किंवा फिक्या केसांवर हिरवी झाक चढते ती पाण्यातल्या तांब्यामुळे. हे मला कळायला पुढे महिना गेला. त्या महिन्यात आम्ही पूलमध्ये काय काय ओतलं याचा हिशोब काढला की अजून लाज वाटते. हिशोब हा माझा रोजचा धंदा, म्हणून जास्तच.

तर हा लेख त्या महिन्याच्या शेवटी घेतलेल्या टेस्ट किटबद्दल आहे. थेंब मोजून क्लोरीन काढायचं किट. ब्रँडचं नाव देत नाही, कारण या पद्धतीची किट बऱ्याच जणांची मिळतात आणि आतली रसायनं सारखीच असतात. डब्यावर 'एफएएस-डीपीडी' ही अक्षरं आहेत का तेवढं बघायचं. नुसतं 'डीपीडी' लिहिलेलं असेल तर ते वेगळं. त्या नुसत्या डीपीडीनंच आमचा घात केला.

आमचा पूल मोठा नाही. ९ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४५ हजार लिटर. सँड फिल्टर आहे आणि थंडीत आईंना सोसावं म्हणून हीटर. देखभालीला आठवड्यातून एकदा माणूस येतो. तो स्किमरमध्ये, म्हणजे काठावरच्या पाणी ओढून घेणाऱ्या टोपलीत, ट्रायक्लोरच्या म्हणजे सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या टाकायचा, शेवाळाचं औषध टाकायचा, जाळी मारायचा आणि जायचा. पाणी छान असायचं. आम्ही कधी काही मोजलं नाही.

मग एका सकाळी पाणी हिरवट दिसलं. माणूस म्हणाला, "शेवाळ धरलंय मॅडम, शॉक मारू." मारला, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन ओतलं. दुसऱ्या दिवशी हिरवट होतं ते हिरवंगार. बाटलीच्या काचेसारखं. म्हणून पुन्हा शॉक. तिसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक वेळी आमच्याकडचं जुनं किट काढायचो. त्यात छोट्या नळीत पाणी घेऊन डीपीडीची गोळी चुरडायची आणि येणारा गुलाबी रंग शेजारच्या पट्टीशी ताडून बघायचा. गोळी टाकली की क्षणभर गुलाबी झाल्यासारखं वाटायचं आणि विझायचं. नळीत स्वच्छ पाणी. पट्टीवर बिनरंगी म्हणजे शून्य. "बघा, शेवाळानं सगळं क्लोरीन खाल्लं," असं म्हणून आम्ही आणखी ओतायचो.

त्याच किटनं पीएच बघितला तर रंग पट्टीच्या बाहेर, गडद जांभळा. म्हणजे पीएच आभाळाला भिडलाय असा अर्थ लावून नवऱ्यानं दोन दिवसांत दोन लिटर आम्ल ओतलं.

आता मागे वळून बघते तेव्हा एका गोष्टीचं आश्चर्य वाटतं. त्या हिरव्या पाण्यातून सव्वादोन मीटर खाली, सगळ्यात खोल टोकाला, तळाच्या जाळीचे स्क्रू दिसत होते. मी काठावर उभं राहून मोजले होते, चार. शेवाळाचं पाणी असं नसतं. ते गढूळ असतं, पायऱ्या बुळबुळीत होतात, भिंतीवरून बोट फिरवलं की बोटाला लागतं. आमच्या भिंती खडखडीत कोरड्या हाताला लागाव्यात तशा होत्या. पाणी हिरवं होतं आणि आरपार होतं. डोळ्यांना दिसत होतं, पण "हिरवं म्हणजे शेवाळ" हे डोक्यात इतकं घट्ट की डोळ्यांचं कोण ऐकतो.

किट आलं ते या टप्प्यावर. डबा उघडल्यावर पहिली प्रतिक्रिया वैतागाची. डझनभर छोट्या बाटल्या, दोन नळ्या, एक पुडीएवढी भुकटीची डबी, तिच्यात इवलासा चमचा आणि मुंगीच्या पावलांनी छापलेलं माहितीपत्रक. नवरा म्हणाला, "प्रयोगशाळा मागवलीस का?" मला मात्र माहितीपत्रकातली एक ओळ फार आवडली. १० मिलीलिटर पाणी घेतलं असेल तर एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम (दहा लाख भागांत अर्धा भाग). रंगाचा अंदाज करायचा नाही, कुठली छटा कशाशी जुळते यावर घरात वाद नाहीत. मोजायचं आणि दोनानं भागायचं. एवढं मला येतं.

पद्धत अशी. खुणेपर्यंत पूलचं पाणी घ्यायचं. कोपरभर खोलातून घ्यायचं, वरवरचं नाही. दोन चमचे भुकटी टाकून हलवायचं. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. मग बाटली सरळ उभी धरून एकेक थेंब सोडायचा, प्रत्येक थेंबाला नळी गोल फिरवायची आणि गुलाबी जाऊन पाणी स्वच्छ होईपर्यंत मोजत राहायचं.

आमचं पाणी गुलाबी झालं नाही. ते लालभडक झालं. शून्य क्लोरीनचं पाणी! मी थेंब सोडायला लागले. दहा. काही फरक नाही. वीस. नवरा शेजारी येऊन उभा राहिला. तिसाला लालाचं गुलाबी झालं. चाळीसला फिकं. अठ्ठेचाळिसाव्या थेंबाला पाणी एकदम निवळलं. अठ्ठेचाळीस भागिले दोन, चोवीस पीपीएम.

साध्या डीपीडीचं असं आहे की क्लोरीन फार वाढलं, म्हणजे साधारण दहाच्या वर गेलं, की ते स्वतःच आलेला रंग धुऊन टाकायला लागतं. शून्यालाही नळी बिनरंगी आणि चोवीसलाही बिनरंगी. ती क्षणभराची गुलाबी झाक हीच काय ती खूण होती आणि ती आम्ही रोज बघून सोडून देत होतो. पीएचच्या जांभळ्या रंगाचंही तेच. त्या परीक्षेत वापरतात तो फिनॉल रेड जास्त क्लोरीनमध्ये बिघडतो आणि जांभळा दिसतो. पीएच वाढलेलाच नव्हता. आम्ही दोन लिटर आम्ल खोट्या जांभळ्यावर ओतलं होतं. नवऱ्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे आता अजून क्लोरीन टाकायचं नाही ना?"

पण मग चोवीस पीपीएम क्लोरीनमध्ये शेवाळ जगतंय कसं? याचं उत्तर काढायची युक्ती या किटनं शक्य झाली आणि माझ्या मते निम्मे पैसे तिथेच वसूल झाले. क्लोरीन दोनच गोष्टी खातात, ऊन आणि पाण्यातली घाण, म्हणजे शेवाळ, जंतू, पानं, घाम. रात्री ऊन नसतं. म्हणून सूर्य मावळल्यावर मोजायचं आणि पहाटे सूर्य उगवायच्या आत पुन्हा मोजायचं. मध्ये काही टाकायचं नाही, कोणी उतरायचं नाही. रात्रीतून एक पीपीएमपेक्षा जास्त क्लोरीन गेलं तर पाण्यात काहीतरी जिवंत आहे. नाही गेलं तर नाही. पट्टीवरच्या रंगावरून हा फरक कळणं शक्यच नाही, कारण तिथे तीन आणि पाचातच डोळे ताणावे लागतात.

रात्री नऊला मी नळीमागे पांढरा कागद धरून मोजले. चव्वेचाळीस थेंब, बावीस पीपीएम. पहाटे साडेपाचला आई फिरायला निघाल्या होत्या त्यांनाच बॅटरी धरायला उभं केलं. "सुनबाई, हे कसलं व्रत?" असं विचारून त्यांनी बॅटरी नीट धरली. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. पाणी स्वच्छ. रात्रभरात एक थेंब कमी. म्हणजे अर्धा पीपीएम.

पाणी हिरवं होतं आणि त्यात जिवंत काही नव्हतं.

पुढचं सगळं या एका आकड्यामुळे उलगडलं. अल्कलिनिटी घेतली. तिथे रंग हिरव्याचा लाल व्हायला हवा असतो, पण क्लोरीन खूप असेल तर निळ्याचा पिवळा होतो. हेही माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, फक्त भिंग लागतं. आमचं निळं पाणी दुसऱ्याच थेंबाला पिवळं. इथे एक थेंब म्हणजे दहा, तेव्हा अल्कलिनिटी वीस. ऐंशी ते एकशेवीस असायला हवी. अल्कलिनिटी इतकी खाली गेली की पीएचला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि पाणी आम्लधर्मी होऊन जे दिसेल ते खात सुटतं.

कॅल्शियमच्या कडकपणाच्या परीक्षेत आणखी मजा झाली. लाल पाणी थेंबाथेंबानं निळं व्हायला हवं. आमचं जांभळ्यावर येऊन अडलं. आणखी थेंब टाकले तरी जांभळंच, निळं काही होईना. मला वाटलं बाटली खराब. माहितीपत्रकाच्या शेवटच्या घडीत सापडलं की असं अडलं तर पाण्यात धातू असण्याची शक्यता आहे, बहुधा तांबं, आणि उपाय म्हणून पुढच्या वेळी टायट्रंटचे, म्हणजे मोजून सोडायच्या द्रावणाचे, पाच-सहा थेंब आधीच टाकून मग परीक्षा सुरू करा. मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. आई म्हणाल्या, "तांबं? माझ्या केसांत तेच तर नाही?" आमच्या घरातलं पहिलं बरोबर निदान त्यांचं.

तांबं आलं दोन वाटांनी. शेवाळाचं औषध तांब्याचं होतं. दर आठवड्याला थोडं थोडं, आणि तांबं काही उडून जात नाही, साठत जातं. दुसरी वाट हीटरची. हीटरच्या आतली नळी तांब्याची आणि ट्रायक्लोरच्या गोळ्या आम्लधर्मी. पंप बंद असताना स्किमरमधली गोळी विरघळत राहते, तिथे आम्लाचं तळं साठतं आणि पंप सुरू झाला की ते पहिलं पाणी थेट हीटरमधून जातं. रोज सकाळी हीटरला आम्लाचा घोट. वर आम्ही दोन लिटर पाजलं ते वेगळंच. गोळ्या तरंगत्या डब्यात घालून पूलमध्ये सोडल्या असत्या तर एवढं झालं नसतं. आता तसंच करतो.

आणि स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हापासून क्लोरीन वाचवणारं सायन्युरिक ॲसिड. त्याची परीक्षा मला या सगळ्यात सर्वांत गमतीची वाटते. पूलच्या पाण्यात रसायन मिसळलं की ते दुधाळ होतं. ते दुधाळ पाणी हळूहळू एका उभ्या नळीत ओतायचं. नळीच्या तळाशी काळा ठिपका आहे. वरून बघत ओतत राहायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून बाजूचा आकडा वाचायचा. धाकट्याला हे काम एवढं आवडलं की आता ते त्याचंच. आमचा ठिपका नव्वदला गेला. तीस ते पन्नास पुरे असतं. ट्रायक्लोर दहा पीपीएम क्लोरीन देतं तेव्हा सहा पीपीएम स्टॅबिलायझरही मागे सोडतं. क्लोरीन वापरलं जातं, स्टॅबिलायझर राहतं. रोजचे दोन पीपीएम धरले तरी तीन महिन्यांत शंभरी गाठली जाते, वहीत गुणाकार करून बघा. आणि स्टॅबिलायझर जितकं जास्त तितकं क्लोरीन जास्त लागतं, त्याच्या साडेसात टक्के तरी. नव्वदला पावणेसात. गोळ्यांच्या डब्यावरचा "एक ते तीन ठेवा" हा सल्ला तेव्हा कुचकामी.

उपाय मात्र साधा निघाला आणि जिवावर आला. निम्मं पाणी काढून नवं भरणं. साडेबावीस हजार लिटर. तांब्यावर बाजारात औषधं आहेत, त्यांना सीक्वेस्ट्रंट म्हणतात, पण ती तांबं काढत नाहीत. ती त्याला धरून ठेवतात, म्हणजे ते रंग दाखवत नाही की भिंतीवर डाग पाडत नाही. क्लोरीन त्या औषधाला हळूहळू खातं आणि म्हणून ते पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. पाणी बदललं की स्टॅबिलायझर, तांबं, क्लोरीन सगळंच एका फटक्यात निम्मं. (पूल पूर्ण रिकामा करू नका. जमिनीत पाणी वर असेल तर रिकामा पूल खालून उचलला जातो आणि तडकतो.)

या किटमध्ये तांब्याची परीक्षा नाही. ती बाटली वेगळी घ्यावी लागली. आधी ०.८ आलं होतं, निम्मं पाणी बदलल्यावर ०.४. हिशोब जुळला की मला होतो तो आनंद बाकीच्यांना समजत नाही. क्लोरीन अकरावर आलं, ते चार दिवस उन्हात उतरू दिलं, मग सीक्वेस्ट्रंट. अल्कलिनिटी नव्या पाण्यामुळे साठवर आली होती, तिला ऐंशीवर न्यायला खाण्याचा सोडा. हजार लिटरला साधारण १७ ग्रॅम सोड्यानं ती दहानं चढते, तेव्हा आम्हाला दीड किलो लागला. इथे घाई केली तर पंचाईत. तांबं पाण्यात असताना पीएच झपकन वर नेला की तेच तांबं भिंतीवर हिरवट-काळे डाग होऊन बसतं. म्हणून आधी सीक्वेस्ट्रंट, मग सोडा, तोही तीन दिवसांत वाटून. क्लोरीन दहाच्या खाली आल्यावरच पीएच पुन्हा मोजला. या वेळी जांभळा नाही, खरा पिवळा, म्हणजे पीएच खाली. आता फिल्टरमधून पूलमध्ये परत येणाऱ्या पाण्याची तोंडं वर वळवून खळखळ करत ठेवली आहेत, त्यानं पीएच आपोआप चढतो. साडेसातच्या आसपास स्थिरावलाय.

दहाव्या दिवशी पाणी निळं झालं. पायरीवर एक तळहाताएवढा डाग राहिलाय. त्यावर व्हिटॅमिन सीची गोळी घासून बघितली, कारण लोखंडाचा डाग असेल तर ती लगेच उतरवते. हलला नाही. राहू दे.

आता तक्रारी. पहिली माहितीपत्रकाची, ती वर दोनदा येऊन गेली. ज्या दोन ओळींनी आमचं सगळं वाचलं असतं त्या शेवटच्या घडीत, टिपेच्या अक्षरात. दुसरी, ती भुकटी. हवेत दमटपणा असला की डबीत गोळा होतो आणि चमचा नीट भरत नाही. झाकण लगेच लावायची सवय करावी लागते. तिसरी बाटल्यांच्या टोकांची. कधी कधी थेंब टोकाशी चिकटून बारीक पडतो आणि मग आकडा फुगतो. ओल्या फडक्यानं टोक पुसलं की थेंब पुन्हा पूर्ण आकाराचा पडतो. हे मला कुणी सांगितलं नाही, एकाच पाण्याचे दोन वेगळे आकडे आले तेव्हा कळलं. आणि हो, बाटली आडवी धरू नका, चुटकीसरशी दोन थेंब पडतात.

चौथी तक्रार किटची नाही, माझी. सगळ्या परीक्षा एकदम घ्यायला वीस मिनिटं जातात. मी रोज फक्त क्लोरीन आणि पीएच घेते, बाकीचं पंधरा दिवसांनी, ठिपका महिन्यानं. रोज कागदी पट्ट्या बुडवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पाणी ठीक आहे ना एवढं बघायला पट्टी चालते. पण पाणी बिघडलेलं असताना पट्टीवर विसंबून काही ओतायला जाऊ नका.

किट काय करत नाही तेही सांगते. नणंदेनं गेल्या महिन्यात बोअरच्या पाण्यानं पूल भरला. भरताना आरपार स्वच्छ, आणि पहिलं क्लोरीन टाकल्यावर तासाभरात गंजाच्या रंगाचं. "तुझा तो डबा घेऊन ये," असा फोन. डबा नेला, पण त्याला लोखंड मोजता येत नाही. तिथे कामाला आली पांढरी बादली. नळाचं ताजं पाणी बादलीत घेतलं, चिमूटभर क्लोरीन टाकलं आणि आम्ही दोघी उकिडव्या बसून बघत राहिलो. पाच मिनिटांत पिवळं, मग विटकरी. जमिनीतून येताना लोखंड विरघळलेलं असतं म्हणून दिसत नाही. क्लोरीन लागलं की गंजतं आणि दिसायला लागतं. तिथे मात्र मी सीक्वेस्ट्रंट टाकू नको म्हटलं. गंज कण होऊन तरंगतोय तर तो धरून ठेवायचा कशाला, गाळून काढ. तिनं जुन्या उशीतला पॉलिएस्टरचा कापूस स्किमरच्या टोपलीत भरला. संध्याकाळी तो कापूस मातीच्या विटेसारखा लाल. सहा-सात वेळा बदलला, फिल्टर दिवसातून दोनदा बॅकवॉश केला, म्हणजे उलटं पाणी सोडून धुतला, चौथ्या दिवशी पाणी उजळलं. कापूस मात्र फेकावा लागला, धुऊन तो पांढरा होत नाही.

आमच्याकडेही या उन्हाळ्यात पुन्हा एकदा पाणी हिरवं झालं. आठवडाभर बाहेर होतो, तरंगता डबा रिकामा पडला होता. देखभालीचा माणूस या वेळी जरा बिचकतच म्हणाला, "मॅडम, तांबं असेल का?" मी पायरीवर बोट फिरवलं. बुळबुळीत. तळाची जाळीच दिसत नव्हती, स्क्रू लांबच. तरी रात्री मोजलं, पहाटे मोजलं. चौदा थेंब होते त्यांचे सहा झाले, चार पीपीएम एका रात्रीत गायब. या वेळी शेवाळच. मग मात्र शॉक, पण मोजून. सकाळ-संध्याकाळ थेंब मोजत क्लोरीन अठराच्या आसपास धरून ठेवलं, भिंती घासल्या, फिल्टरचा दाब आठ-दहा पीएसआयनं चढला की बॅकवॉश. पाचव्या रात्री एकच थेंब उतरला तेव्हा थांबले. मागच्या वेळी आम्ही अंदाजानं ओतलं होतं त्याच्यापेक्षा क्लोरीन कमीच लागलं.

गुण द्यायचे तर पाचात साडेचार. अर्धा कापलाय तो त्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या घडीसाठी.

आईंचे केस अजून टोकाला पोपटी आहेत. धातू काढणारा शाम्पू आणून दिला होता, दोनदा लावला आणि ठेवून दिला. कापून टाका म्हटलं तर म्हणतात राहू दे.

घेणाऱ्यांसाठी एक शेवटचं. सगळ्या बाटल्या एकदम संपत नाहीत. क्लोरीनच्या थेंबांची बाटली सगळ्यात आधी संपते, त्यातून पूल बिघडलेला असेल तर आठवड्यातच तळ दिसतो. आमची संपली ती नेमकी शेवाळाच्या तिसऱ्या रात्री, सदतिसाव्या थेंबाला. तेव्हा किट मागवताना ती एक बाटली जादा मागवा, आणि डबा क्लोरीनच्या पिंपाशेजारी ठेवू नका. आमचा आता आईंच्या कपाटात असतो, तेलाच्या बाटलीमागे.